शिडाची दोरी आपल्या हातात

रेवस, बोडणी, मांडवा, सासवणे, आवास, किहीम आणि खाडीपलीकडे करंजा-उरणकडून ऐकणाऱ्या सगळ्या बायांनो, हातातलं काम चालू ठेवा. मासळी निवडत असाल तर निवडा, भाकऱ्या थापत असाल तर थापा. कान तेवढा इकडे असू द्या.

आज आम्ही सुट्टीबद्दल बोलणार आहोत. पण ही माहेरची सुट्टी नाही, देवदर्शनाचीही नाही. वाऱ्यावर चालणाऱ्या, शिडाच्या होडीतली तीन दिवसांची सुट्टी, आणि तीही फक्त बायकांची.

आपण पाण्याकाठच्या बायका. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघण्यात आपली निम्मी सकाळ जाते. करंज्याला जायचं तर लाँच, भाऊच्या धक्क्याला जायचं तर लाँच. टोपली, पिशवी, कडेवर पोर, सगळं सांभाळत आपण फळीवरून आत जातो, बसायला जागा मिळाली की पदर सावरून बसतो. खाडीच्या चिखलात उतरून कालवं काढतो, निवट्या पकडतो. समुद्रातून आलेल्या मासळीचा भाव ठरवतो आपण, ती विकतोही आपणच. मासळीचा अर्धा धंदा आपल्या डोक्यावर उभा आहे. आता सांगा, आपल्यापैकी किती जणींनी आयुष्यात एकदा तरी सुकाणू हातात धरलं आहे? शीड किती जणींनी वर चढवलं आहे?

आम्ही आठ जणी एकदा बचत गटाच्या बैठकीनंतर हाच हिशोब करत बसलो होतो. आमच्यात दोघी मासळी विकणाऱ्या, एक अंगणवाडीताई, एक शिक्षिका, एक शिवणकाम करणारी, एक खानावळ चालवणारी, एक कॉलेजात शिकणारी पोर आणि एक सत्तरीला टेकलेल्या काकी. आठांच्या मिळून पाण्यावरच्या फेऱ्या हजारोंनी भरतील. सुकाणू धरलेली मात्र एकही नव्हती. आम्ही सगळ्या आयुष्यभर उतारूच होतो.

तेव्हा ठरलं, एकदा तरी उतारू न होता पाण्यावर जायचं.

फक्त बायकाच का, असं आम्हाला घरोघरी विचारलं गेलं. तुमच्याही मनात तो प्रश्न आला असेल. घरातल्या पुरुषांशी आमचं भांडण नाही. पण एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. स्कूटर चालू होत नसली की कोणीतरी म्हणतं, "सर, मी करतो." गॅसचं रेग्युलेटर बसत नसलं, बोटीचा दोर ओढता येत नसला तरी तेच. तो माणूस प्रेमानंच म्हणतो. काम होतं, पण आपण शिकायच्या राहून जातो. होडीवर तर हे फार लवकर होतं, कारण वारा थांबत नाही. दोर जड लागला की मदतीचा हात पुढे येतो आणि दोर आपल्या हातातून सुटतो. सगळ्या बायकाच असल्या की दोर कोणी काढून घेत नाही. दोन हातांनी जमलं नाही तर चार हात लागतात, पण त्या चारांत आपले दोन असतातच.

जगात अशा सहली बऱ्याच देशांत होतात. चार-सहा अनोळखी बायका एका होडीवर आठवडाभर राहतात, शिकवणारीही बाईच असते, आणि परत येताना प्रत्येकीला थोडंफार नौकानयन येत असतं. यामागे एक गोष्ट आहे. ट्रेसी एडवर्ड्स नावाच्या इंग्लंडच्या मुलीला शिडाच्या होड्यांच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत जायचं होतं. १९८५-८६च्या शर्यतीत तिला होडीवर जागा मिळाली ती स्वयंपाकीण म्हणून! पुढच्या शर्यतीच्या वेळी तिनं एक जुनी होडी घेतली, ती दुरुस्त केली, तिचं नाव ठेवलं 'मेडन', म्हणजे कुमारिका, आणि सगळ्या बायकाच घेऊन १९८९ मध्ये ती शर्यतीत उतरली. या बायका पहिल्या टप्प्यातच परत येतील असं म्हणणारे पुष्कळ होते. त्या परत आल्या नाहीत. त्यांनी त्यांच्या गटात दोन टप्पे जिंकले आणि अखेरीस दुसरा क्रमांक पटकावला.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून मोठं आहे. १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून 'तारिणी' नावाची नौदलाची शिडाची नौका निघाली. तिच्यावर सहा जणी होत्या. वर्तिका जोशी या कप्तान, आणि त्यांच्याबरोबर प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. ही नौका गोव्यातच बांधलेली, साधारण ५५ फुटांची. म्हणजे आपल्या मोठ्या मासेमारी बोटींएवढीच. त्या सहा जणींनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिकेचं टोक, आफ्रिकेचं टोक असं करत पृथ्वीला फेरी घातली आणि २१ मे २०१८ ला त्या गोव्याला परत आल्या. एकूण २५४ दिवस आणि सुमारे २१,६०० सागरी मैल. त्यांच्या तयारीत मोठा वाटा होता दिलीप दोंदे यांचा. शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय, आणि मराठी माणूस! पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला याच तारिणीवरून दिलना आणि रूपा या दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ ला फेरी पूर्ण करून आल्या. ११ सप्टेंबर २०२५ ला तर तिन्ही सैन्यदलांच्या दहा महिला अधिकारी अनुजा वरुडकर यांच्या नेतृत्वाखाली 'त्रिवेणी' नावाच्या नौकेतून मुंबईहूनच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. आपल्या समोरच्याच पाण्यातून!

तुम्ही म्हणाल, त्या सैन्यातल्या, शिकलेल्या, तरुण. आपलं काय? आम्हीही हेच म्हणालो होतो. पण त्यांना पृथ्वीला वळसा घालायचा होता. आम्हाला मांडव्याहून खांदेरीपर्यंत जायचं होतं.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या मनात भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती.

रेवसमध्ये 'रामदास' हे नाव कुणी सहज घेत नाही. १७ जुलै १९४७. आषाढी अमावास्या. स्वातंत्र्य महिनाभरावर आलेलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे यायला निघालेली रामदास बोट वादळी पावसात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. सणासाठी गावी येणारी माणसं होती ती. आपल्या भागात अशी गावं आहेत जिथे त्या दिवशी घरंच्या घरं रिकामी झाली. आमच्यातल्या काकींच्या सासरची तीन माणसं त्या बोटीवर होती. त्यांच्या घरात सुनांनी कामाशिवाय पाण्यावर जायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा. कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ. काकी आम्हाला म्हणाल्या, "अगो, माझ्या सासूनं मला पोहायला नाही शिकू दिलं. म्हणायची, पोहायला आलं की बाई पाण्यात जाते."

मैत्रिणींनो, या वाक्यावर आम्ही खूप बोललो. भीती राखून ठेवायची आणि शिकायचं मात्र काही नाही, यानं आपण सुरक्षित झालो का? पाण्यावर तर आपण रोजच जातो. नोकरीला, बाजाराला, दवाखान्यात. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला अपघात झाला, तेव्हा लाइफ जॅकेटचं मोल सगळ्यांना पुन्हा एकदा कळलं. म्हणून आम्ही ठरवलं की भीती तशीच राहू द्यायची, पण तिच्या सोबतीला थोडं ज्ञान द्यायचं.

तयारीला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. पैसे बचत गटासारखेच साठवले. दर महिन्याला प्रत्येकीनं थोडे बाजूला टाकले, आणि ते कोणाच्याही लग्नाला किंवा आजारपणाला वळवायचे नाहीत असं आधीच ठरवून घेतलं. बायकांच्या सुट्टीचे पैसे सगळ्यात आधी दुसरीकडे जातात, हे आपल्याला माहीत आहेच. घरी कोण राहणार, डबा कोण करणार, सासऱ्यांची गोळी कोण देणार, याचा कागद प्रत्येकीनं लिहून घरात चिकटवला. गंमत म्हणजे तो कागद वाचून दोघींचे नवरे म्हणाले, "एवढं सगळं तू रोज करतेस?" सहलीचा पहिला फायदा निघायच्या आधीच झाला!

मग दिवस ठरवायचा होता. इथे आमच्या काकी कामाला आल्या. शिकवणारीनं मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक उघडलं, तोवर काकींनी बोटांवर मोजून सांगितलं. आपल्या किनाऱ्याचा हा जुना हिशोब नव्या पोरींना माहीत असायला हवा, म्हणून सांगतो. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. बारा तासांहून थोड्या जास्त वेळानं दुसरी भरती, आणि मधे ओहोटी. शुद्ध पक्षात हाच हिशोब, वद्य पक्षातही हाच. मोबाइलचं वेळापत्रक आणि काकींचं गणित यांत फारसा फरक पडला नाही. शिकवणारी पोर काकींकडे बघतच राहिली.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात धावतं. अष्टमीच्या पुढे भांगाचं पाणी, ते जरा शांत. म्हणून आम्ही पौषातल्या वद्य दशमी, एकादशी आणि द्वादशी धरल्या. मार्गशीर्ष टाळला, कारण गुरुवारांमुळे अर्ध्या जणींनी मासळी खाल्ली नसती! सकाळी भरती संपते, ओहोटीचं पाणी आपल्याला बाहेर घेऊन जातं, आणि दुपारनंतर चढतं पाणी घराकडे आणतं. वाऱ्याचंही तसंच. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारी तो पडतो आणि समुद्रावरून वायव्येचा वारा येतो. जायला एक वारा, यायला दुसरा. आपले पूर्वज याच हिशोबावर मचवे आणि पडाव चालवत होते.

मांडव्याजवळ आम्ही एका घरगुती निवासात राहिलो. दोन लहान शिडाच्या होड्या, प्रत्येकीत आम्ही चौघी आणि एक शिकवणारी. पहिल्या दिवशी किनाऱ्यापासून लांब गेलोच नाही. आधी लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, अंग सैल सोडायचं आणि तरंगायचं. काकी शिक्षिकेचा हात सोडेनात. पंधरा मिनिटांनी सोडला. पाण्यावर पाठ टेकून आभाळाकडे बघत म्हणाल्या, "सत्तर वर्षं या पाण्याच्या काठावर काढली, आणि हे मला धरून ठेवतंय हे आज कळलं."

मग दोर आणि गाठी. इथे मात्र आम्ही पुढे होतो. पाळण्याची गाठ, विहिरीच्या बादलीची गाठ, टोपलीवर जाळं आवळायची गाठ, हे सगळं आपल्या बोटांना येतच असतं. जी गाठ आवळली जात नाही आणि हवी तेव्हा सुटते, ती होडीवर सगळ्यात कामाची. आमच्या मासळीवाल्या दोघींनी ती एकदा बघितली आणि न बघता बांधून दाखवली.

शीड कसं चालतं तेही सांगतो, कारण आम्हाला वाटत होतं की वारा मागून ढकलतो आणि होडी पुढे जाते. तसं जातेच, पण वारा बाजूनं असला तर होडी जास्त मजेत पळते. शिडाला पोट येतं, वारा त्याच्यावरून वळून जातो आणि होडी पुढे ओढली जाते. खालच्या बाजूला होडीच्या तळाला जड पातं असतं, ते तिला आडवं सरकू देत नाही. वारा जिकडून येतो त्याच दिशेला मात्र सरळ जाता येत नाही. मग काय करायचं? तिरकं जायचं, थोड्या वेळानं वळून दुसऱ्या बाजूनं तिरकं जायचं, असं नागमोडी करत पोचायचं. हे ऐकून आमची शिवणकाम करणारी मैत्रीण म्हणाली, "म्हणजे माझ्या सासूबाईंकडून परवानगी काढली तसंच!" होडीत इतका हशा पिकला की सुकाणू धरलेलीचा हात हलला आणि शीड फडफडायला लागलं.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. सुरुवातीला डोकं गोंधळतं, पण तासाभरात हाताला कळायला लागतं. आणि मग तो क्षण येतो. इंजिन बंद होतं. आपण आयुष्यभर लाँचच्या इंजिनाची धडधड ऐकलेली. ती बंद झाली की काय उरतं? तळाला लागणारं पाणी, दोराची कुरकुर, शिडाचा आवाज. आठ बायका, आणि पाच मिनिटं कोणी बोललं नाही! हे ऐकून आमच्या घरचे अजून विश्वास ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, एकादशीला, आम्ही खांदेरीकडे निघालो. मांडव्याहून सहा-सात सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. मतलई वारा होता, ओहोटीचं पाणी बरोबर होतं, आणि डाव्या हाताला कनकेश्वराचा डोंगर सोबतीला. सासवणे, आवास, किहीम, थळ ही रोजची गावं पाण्यावरून बघितली. एसटीच्या खिडकीतून दिसणारं गाव वेगळं आणि हे वेगळं. प्रत्येकीला आपल्या माहेरचं गाव ओळखायचं होतं. झाडांच्या ओळींवरून, देवळाच्या कळसावरून, धक्क्यावरून.

खांदेरीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या. पण मराठ्यांच्या लहान, हलक्या होड्या रात्री त्यांना चुकवून बेटावर सामान पोचवत राहिल्या. शेवटी किल्ला उभा राहिला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यात आपली खांदेरी आहे. पलीकडे सिद्दीनं बांधलेली उंदेरी. हे सगळं पुस्तकात वाचलेलं. पण त्या दोन बेटांमधल्या पाण्याचा ओढा हातातल्या सुकाणूला जाणवला, तेव्हा ते लढाईचं पाणी म्हणजे काय ते कळलं. आम्ही बेटावर उतरलो नाही. लांबूनच दीपगृहाला आणि कोळ्यांच्या वेताळाला हात जोडले. एकादशी होती, त्यामुळे डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि रताळी. वाऱ्यावर बसून खाल्लेल्या गार खिचडीची चव आम्ही अजून सांगत असतो. महत्त्वाचं म्हणजे ती खिचडी त्या निवासाच्या मालकीणबाईंनी केली होती. आम्ही फक्त खाल्ली!

तिसऱ्या दिवशी, द्वादशीला, दुपारी तीननंतर पाणी चढायला लागलं आणि वारा मागून आला. आम्ही रेवसकडे निघालो. शिकवणारीनं लांबूनच काशाच्या खडकाची दिशा दाखवली. सुकाणूवर त्या वेळी काकी होत्या. ठरवून नव्हे, पाळी त्यांची होती इतकंच. कोणीतरी म्हणालं, "काकी, देता का माझ्याकडे?" त्यांनी मान हलवली. नजर शिडावर ठेवून हळूच विचारलं, "तिथेच होय?" मग नावं घेतली, तीन माणसांची. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. काकींनी नाही जोडले, कारण त्यांचे दोन्ही हात सुकाणूवर होते.

थोड्या वेळानं रेवसचा धक्का दिसायला लागला. लाँचच्या वाटेतून बाजूला राहून आम्ही तो पाण्यावरून बघितला. धक्क्यावर बायका उभ्या होत्या. टोपल्या, पिशव्या, कडेवर पोरं. आम्ही रोज तिथेच उभ्या असतो. एकीनं आम्हाला ओळखलं आणि ओरडली, "अगो, तुमच्यात पुरुष कुठंय?" आमची कॉलेजातली पोर दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली, "घरी! भाकऱ्या करतोय!"

आता मैत्रिणींनो, कामाच्या गोष्टी. आम्हाला भेटणाऱ्या बायका एकांतात जे प्रश्न विचारतात, ते इथे उघड सांगतो, कारण या प्रश्नांमुळेच बायका घरी राहतात.

पहिला प्रश्न लघवीचा. लहान होडीवर सोय नसते. म्हणून दोन-अडीच तासांहून लांबचा टप्पा ठरवू नका, मधे कुठे उतरता येईल ते आधी विचारा. पाणी पिणं बंद करू नका. उन्हात त्यानं चक्कर येते. मोठ्या होडीवर संडास असतो, तो कसा वापरायचा ते चढल्या चढल्या विचारून घ्या. दुसरा प्रश्न पाळीचा. पाळी असली तरी होडीवर जाता येतं. आमच्यात एकीची पाळी पहिल्याच दिवशी आली. सगळ्या बायकाच असल्यानं तिनं सरळ सांगितलं, आणि जास्तीचे पॅड, कागदी पिशव्या, वेदनेची गोळी सगळं बाहेर आलं. वापरलेलं पॅड समुद्रात टाकायचं नाही, पिशवीत बांधून किनाऱ्यावर आणायचं.

कपडे कोणते? कासोट्याचं लुगडं होडीवर उत्तम. आपल्या आज्ज्या शहाण्या होत्या! नाहीतर सलवार किंवा पँट. ओढणी घरी ठेवा, ती दोरात अडकते. वेणी बांधून आत खोचा. चष्म्याला दोरी लावा. बांगड्या आणि मंगळसूत्र सांभाळा, दोर ओढताना अडकतात. उलटीची भीती असेल तर उपाशीपोटी जाऊ नका, तेलकटही खाऊ नका. नजर लांब क्षितिजावर ठेवा, आल्याचा तुकडा तोंडात ठेवा, आणि शक्य तर सुकाणू हातात घ्या. जिच्या हातात सुकाणू, तिला सहसा मळमळत नाही.

सुरक्षेबाबत मात्र हट्टीपणा करा. प्रत्येकीला मापाचं लाइफ जॅकेट, आणि ते बसायच्या फळीखाली नव्हे, अंगात. होडीवर रेडिओ आहे का, शिकवणारी प्रशिक्षित आहे का, होडीत किती माणसांची परवानगी आहे, वारा वाढला तर सहल रद्द करून पैसे परत मिळतात का, हे चार प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जा. जून ते सप्टेंबर शिडाच्या होडीचं नाव काढू नका. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरही दर्या जरा निवळू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. आणि समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. लाँचनं रोज जाणाऱ्यांनीही तो मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

पैसे जमत नसतील तर तीन दिवसांचा हट्ट नको. अर्ध्या दिवसानंही सुरुवात होते. तेही नको असेल तर लाइफ जॅकेट घालून आपल्याच किनाऱ्यावर, भांगाच्या पाण्यात, चौघी-पाच जणींनी मिळून तरंगायला शिका. त्याला पैसे पडत नाहीत.

हे सगळं आत्ताच का, तेही सांगायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. रेवस-करंजा पुलाचं स्वप्न अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनचं. आता तो पूलही मार्गी लागला आहे. तो झाला की आपली वणवण कमी होईल, बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचेल, ओहोटीला गाळामुळे लाँच अडकली म्हणून कोणाची परीक्षा बुडणार नाही. पूल हवाच. पण मग आपण पाण्यावर कशाला जाणार? आज आपण निदान उतारू तरी आहोत. उद्या पुलावरून जाताना खिडकीतून पाणी बघू. आपल्या पोरी तर मोबाइलमध्ये बघत असतील. तिथीची पाऊणपट कोणाला आठवेल? मतलई वारा कोणाच्या गालाला कळेल? मांडव्याला मुंबईचे लोक येऊन शिडाच्या होड्या चालवतील, आणि आपल्या पोरी त्यांना चहा देतील. चहा देण्यात कमीपणा नाही. पण त्यांच्यातली एखादी होडी चालवायला शिकवणारी का असू नये? पाणी तिचं आहे. वारा तिच्या आजीच्या ओळखीचा आहे.

आमची कॉलेजातली पोर आता मांडव्याला पुढचं प्रशिक्षण घेते आहे. काकींनी नातीला पोहायला घातलं आहे. त्यांच्या घरचा तो न लिहिलेला नियम त्यांनी स्वतःच मोडला. सासूचा नियम सुनेनंच मोडायचा असतो, असं त्या म्हणतात. आम्ही बाकीच्या पुढच्या पौषासाठी पुन्हा पैसे साठवतो आहोत. या वेळी तीन होड्या भरतील असं दिसतंय.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हिशोब संपला की एक प्रश्न विचारा: आपल्यापैकी कोणाकोणाला सुकाणू धरायचं आहे? पहिल्यांदा सगळ्या हसतील. मग एक हात वर होईल. त्या एका हातापासून सुरुवात करा.

आज तिथी कोणती आहे ते कॅलेंडरवर बघा, पाऊणपट करा आणि भरती किती वाजता आहे ते घरातल्या पोरींना सांगा.